दोन हजार गुण आणि एनएचएलमध्ये भोपळा: सहा संघांच्या काळातले अनोळखी आइस हॉकीपटू

गाइल फील्डर हे नाव आइस हॉकीच्या चाहत्यांपैकीही अनेकांनी ऐकलेलं नसतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७३ पर्यंत खेळलेल्या या माणसाने व्यावसायिक हॉकीत दोन हजारांहून जास्त गुण मिळवले. हा टप्पा गाठणारे खेळाडू मोजकेच आहेत आणि त्यांत गॉर्डी हाउ, वेन ग्रेट्झ्की अशी नावं येतात. पण नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएल या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, फील्डरच्या नावावर साखळीतले फक्त ९ सामने आहेत. गुण शून्य. एकही गोल नाही की असिस्ट नाही.

यावर एक उत्तर लगेच सुचतं: खालच्या स्तरावर चालला, वर गेल्यावर उघडा पडला. मला हे उत्तर फार अन्यायाचं वाटतं. फील्डरसारखे खेळाडू त्या काळात एक-दोन नव्हते, शेकड्यांनी होते. ते अनोळखी का राहिले हे समजायला खेळापेक्षा त्या काळातल्या जागांचा हिशोब आणि कराराचे कागद बघावे लागतात.

आधी खेळाची अगदी जुजबी ओळख. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण उतरतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीपटू. चेंडूऐवजी पक असतो, म्हणजे कडक रबराची चकती. दमछाक एवढी होते की गोलरक्षक सोडला तर खेळाडू मिनिट-दोन मिनिटांनी बाहेर येतात आणि बाकावरची दुसरी तुकडी आत जाते. या एका खेपेला शिफ्ट म्हणतात. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, आणि त्याआधी पक पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक गुण मिळतो. एवढं कळलं तरी पुढचं सगळं समजतं.

१९४२ मध्ये एनएचएलमध्ये सहाच संघ उरले: माँट्रियल, टोरोंटो, बॉस्टन, शिकागो, डेट्रॉईट आणि न्यूयॉर्क. तेव्हापासून १९६७ पर्यंत, तब्बल पंचवीस वर्षं, ही संख्या बदलली नाही. प्रत्येक संघात अठरा-वीस खेळाडू धरले तर अख्ख्या लीगमध्ये सव्वाशेच्या आसपास जागा. आणि त्यांवर डोळा असलेली पोरं कॅनडाच्या गावागावांत, हिवाळा आला की गोठलेल्या तळ्यांवर स्केट्स बांधून उतरणारी. सव्वाशेपैकी ज्या जागांवर हाउ, मॉरिस रिशार किंवा डग हार्वे बसलेले असत, त्या दहा-पंधरा वर्षं रिकाम्या व्हायच्या नाहीत.

आपल्याला हे कोडं अगदीच अनोळखी नाही. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, पण कसोटी काही मिळाली नाही, कारण डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींकडे होती. फरक एवढाच की शिवलकरांची निवड झाली नाही. कॅनडातल्या हॉकीपटूची अडचण त्याच्याही एक पायरी आधी सुरू व्हायची, कारण तो स्वतःचा उरलेलाच नसायचा.

त्याचं कारण सी फॉर्म नावाचा कागद. एनएचएलचे क्लब किशोरवयीन मुलांचे संघ पोसायचे. त्या संघातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बरा वाटला की क्लबचा माणूस घरी यायचा, आईवडिलांशी बोलायचा, थोडीशी रक्कम हातावर ठेवायचा आणि सही घ्यायचा. त्या सहीनंतर मुलाचे व्यावसायिक हक्क त्या एका क्लबचे. तो व्यावसायिक कधी होणार, कुठल्या गावात खेळणार, हे क्लब ठरवणार. पुढे व्यावसायिक करार झाला की त्यात राखीव हक्काचं कलम असायचं, म्हणजे करार संपला तरी खेळाडू क्लबकडेच बांधलेला. दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर त्यांनी मालकाशी बोलायचं. खेळाडूला यात विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

परिणाम कसा होतो बघा. समजा माँट्रियलकडे उत्तम बचावपटू आधीच भरपूर आहेत आणि शिकागोकडे दुष्काळ आहे. माँट्रियलच्या हाताखालचा सातवा बचावपटू शिकागोत पहिल्या दिवशी खेळू शकला असता. पण प्रतिस्पर्ध्याला बळ का द्यायचं? माँट्रियल त्याला खालच्या लीगमध्ये ठेवायचं, कुणी जखमी झालं तर चार दिवस वर बोलवायचं आणि परत पाठवायचं. अशा खेळाडूचं एनएचएलचं खातं पाच सामने, आठ सामने असं तुकड्यातुकड्यांत भरत जायचं.

गोलरक्षकांची दशा तर सगळ्यांत कठीण. संघाला एकच गोलरक्षक, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये सहा जागा. दोन गोलरक्षक सज्ज ठेवण्याची सक्ती १९६५-६६ च्या मोसमात आली. तोवर सामना चालू असताना गोलरक्षक जखमी झाला तर खेळ थांबायचा, डॉक्टर टाके घालायचे आणि तोच माणूस परत उभा राहायचा. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका माँट्रियलच्या जॅक प्लांटच्या तोंडावर बसला. प्लांटने टाके घालून घेतले आणि सांगितलं, मुखवटा लावू दिला तरच उतरतो. प्रशिक्षक टो ब्लेकला मुखवटा बिलकूल पसंत नव्हता, पण त्याच्याकडे दुसरा गोलरक्षकच नव्हता. गोलरक्षकाचा मुखवटा हॉकीत रुळला त्यामागे ही निकड होती.

आणि गोलरक्षक उठूच शकला नाही तर? मग यजमान क्लबने ठेवलेला कुणीतरी हौशी किंवा कर्मचारी आत जायचा. डेट्रॉईटचा लेफ्टी विल्सन हा संघाचा ट्रेनर होता. स्केट्सना धार लावणं, मालिश करणं, सामान सांभाळणं ही त्याची कामं. डिसेंबर १९५७ मध्ये डेट्रॉईटविरुद्ध खेळताना बॉस्टनचा गोलरक्षक डॉन सिमन्स पहिल्याच सत्रात जायबंदी झाला आणि विल्सनने चक्क बॉस्टनचा पोशाख चढवला. ज्या खेळाडूंच्या स्केट्सना त्याने धार लावली होती, त्यांचेच फटके तो उरलेला वेळ अडवत बसला. त्याच्यावर एकच गोल झाला, सामना २-२ असा बरोबरीत सुटला. आधी तो असाच एकदा डेट्रॉईटकडून आणि एकदा टोरोंटोकडून उभा राहिला होता. एनएचएलच्या नोंदीत विल्सनच्या नावावर तीन सामने आहेत, तिन्ही वेगवेगळ्या संघांकडून. न्यूयॉर्कमध्ये हेच काम जो शेफर या आकडेवारी लिहिणाऱ्या माणसाने दोनदा केलं.

इथे एक गोष्ट खटकायला हवी. विल्सन आणि शेफर आत जात होते तेव्हा खालच्या लीगमध्ये पूर्णवेळ, कसलेले गोलरक्षक बसून होते. जॉनी बोअरने १९५३-५४ मध्ये न्यूयॉर्कचे सगळे ७० सामने खेळून काढले, तरी पुढच्या मोसमात गम्प वर्स्ली परत आला आणि बोअर खाली गेला. क्लीव्हलंडमध्ये वर्षानुवर्षं खेळून तिशी उलटल्यावर, १९५८ मध्ये टोरोंटोने त्याला मागितलं, तेव्हा जावं की नाही यावर तोच घुटमळला, कारण क्लीव्हलंडमध्ये बस्तान बसलं होतं. तो गेला आणि टोरोंटोबरोबर त्याने चार वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. आज बोअरचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १९५८ साली तो गेला नसता तर या लेखातल्या अनोळखी मंडळींत त्याचं नाव पहिल्या क्रमांकावर आलं असतं, आणि खेळ मात्र तोच असता.

या खालच्या लीगला अमेरिकन हॉकी लीग, एएचएल म्हणतात. हर्शी, क्लीव्हलंड, प्रॉव्हिडन्स, रॉचेस्टर, स्प्रिंगफील्ड ही तिची गावं. या लीगचा आजवरचा सर्वाधिक गुणांचा मानकरी विली मार्शल. जन्म १९३१, ऑन्टॅरिओतलं कर्कलंड लेक हे खाणींचं गाव. वीस मोसम, १,२०५ सामने, ५२३ गोल, ८५२ असिस्ट, एकूण १,३७५ गुण. एनएचएलमध्ये टोरोंटोकडून त्याला ३३ सामने मिळाले, तेही चार वेगवेगळ्या मोसमांत विखुरलेले. त्यात एक गोल, पाच असिस्ट. आघाडीच्या मधल्या जागी माणूस कमी पडला की बोलावणं, जागा भरली की परतीचं तिकीट. चार वेळा आलेल्या पाहुण्याला कोण कुठल्या जोडीदारांबरोबर किती मिनिटं खेळवणार? ३३ सामन्यांचा आकडा ऐकून त्याचा दर्जा ठरवणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला एकदा विचारावा.

फील्डरची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात जन्मला, कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये वाढला आणि खेळला मुख्यतः पश्चिमेकडच्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये, सिएटलसाठी. त्याचा खेळ गोल करण्यापेक्षा करवून देण्याचा. पक आपल्या काठीवर धरून ठेवायचा, समोरच्यांना अंगावर येऊ द्यायचं आणि जोडीदार मोकळा झाला की नेमका पास द्यायचा. १९५६-५७ मध्ये त्याने एका मोसमात १२२ गुण मिळवले. त्या काळी व्यावसायिक हॉकीत कुणीही एवढे मिळवले नव्हते.

मग डेट्रॉईटचं बोलावणं आलं. १९५७ चा तो उन्हाळा डेट्रॉईटमध्ये गाजला होता. टेड लिंडसे या त्यांच्या बिनीच्या खेळाडूने डग हार्वे आणि इतरांच्या साथीने खेळाडूंची संघटना काढली होती. निवृत्तिवेतनाच्या निधीचे हिशोब दाखवा, किमान पगार ठरवा, अशा साध्या मागण्या. मोसमात लीगमधले दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळवलेल्या लिंडसेला क्लबने उचलून शिकागोला देऊन टाकलं, आणि शिकागो तेव्हा तळाला होतं. फळी नव्याने जुळवायची होती, म्हणून फील्डरला गॉर्डी हाउच्या शेजारी मधल्या जागी उभं केलं.

कागदावर ही जोडी स्वप्नवत. बर्फावर मात्र दोघांनाही पक स्वतःकडे हवा असायचा. हाउ त्या वेळचा जगातला सर्वोत्तम खेळाडू, तो कशाला खेळ बदलेल? सहा सामने झाले (नऊपैकी उरलेले तीन त्याआधीचे), फील्डरला एकही गुण नाही, खेळायला मिळणारा वेळही घटत गेला. त्याने मॅनेजर जॅक अ‍ॅडम्सला सांगितलं, मला सिएटलला परत पाठवा. कुणी हाकललं नाही, तो स्वतः परतला. १९५९, १९६७ आणि १९६८ अशी तीन विजेतेपदं त्याने सिएटल टोटेम्सला मिळवून दिली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सहा वेळा निवडला गेला. सहा सामने म्हणजे जोडीदाराची सवय लागायलाही अपुरे. मला यात खेळाडूचं अपयश दिसत नाही.

परत जाण्यात शहाणपणही होतं. वर आणि खाली यांतला पैशाचा फरक आज आहे तसा प्रचंड नव्हता. १९५८ मध्ये एनएचएलचा किमान पगार ७,००० डॉलर ठरला. उन्हाळ्यात बहुतेक खेळाडू दुसरी काहीतरी कामं करायचे. खालच्या लीगमधला नावाजलेला खेळाडू एकाच गावात राहायचा, घर घ्यायचा, दुकानदार त्याला नावाने ओळखायचे. क्यूबेकमध्ये तर याची कमाल होती. जाँ बेलिव्हो क्यूबेक एसेसकडून खेळताना इतकं बरं कमवत होता की माँट्रियलच्या हाका त्याने टाळल्या. शेवटी १९५३ मध्ये माँट्रियलने एसेस खेळायचे ती क्यूबेकची अख्खी लीगच विकत घेऊन व्यावसायिक करून टाकली, मग बेलिव्हो आपोआप त्यांच्या ताब्यात आला. कॉनी ब्रॉडनचं उदाहरण मला फार आवडतं. मार्च १९५८ मध्ये तो ऑस्लोत कॅनडाकडून जागतिक स्पर्धा जिंकला, लगेच माँट्रियलला येऊन मिळाला आणि त्याच वर्षी स्टॅन्ली कपवरही नाव कोरलं गेलं. एकाच वर्षात हे दोन्ही साधणारा तो एकमेव. एनएचएलच्या साखळीत तो एकूण खेळला सहा सामने. पुढे खेळ सोडून त्याने मोल्सन या बिअरच्या कंपनीत नोकरी केली.

काही जणांच्या बाबतीत मात्र जागांची टंचाई हे कारण पुरत नाही. तिथे कातडीचा रंग आड आला, आणि हे स्पष्ट म्हणायला हवं. लॅरी क्वाँगचा जन्म १९२३ चा, ब्रिटिश कोलंबियातल्या व्हर्ननचा. घराण्याचं आडनाव एंग. किराणा दुकानाच्या पाटीवर क्वाँग होतं, तेच लोकांच्या तोंडी बसलं. त्याच वर्षी कॅनडाने चिनी लोकांना देशात यायला जवळजवळ पूर्ण बंदी करणारा कायदा केला, तो १९४७ पर्यंत टिकला. तरुणपणी क्वाँग ट्रेल या गावच्या संघात गेला, तेव्हा इतर खेळाडूंना तिथल्या धातू गाळण्याच्या कारखान्यात नोकऱ्या मिळाल्या. याला मिळाली नाही, म्हणून हॉटेलात सामान उचलायचं काम धरलं. १९४७-४८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सच्या हाताखालच्या रोव्हर्स संघात तोच सर्वाधिक गुणांचा मानकरी होता.

१३ मार्च १९४८ ला रेंजर्सनी त्याला वर बोलावलं. सामना माँट्रियलच्या फोरममध्ये. पहिलं सत्र बाकावर. दुसरं सत्र बाकावर. साथीदारांच्या शिफ्टमागून शिफ्ट आत-बाहेर होत राहिल्या. तिसऱ्या सत्राच्या शेवटाकडे प्रशिक्षकाने त्याला आत पाठवलं, मिनिटभर. परत बाकावर. एनएचएलमधली लॅरी क्वाँगची संपूर्ण कारकीर्द एवढीच. मिनिटभरात कुणाची पारख होते? वर्षभर गोल करणाऱ्या खेळाडूला परत बोलावणं आलं नाही, तेव्हा तो क्यूबेकमधल्या व्हॅलीफील्डला गेला. तिथला प्रशिक्षक होता टो ब्लेक, पुढे मुखवट्यावर कुरकुरणारा तोच. त्याच्या हाताखाली १९५१ मध्ये क्वाँग लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नंतर तो इंग्लंड आणि स्वित्झर्लंडमध्ये खेळला, शिकवलं.

हर्ब कार्नेगी कृष्णवर्णीय, जमैकन आईबापांचा, टोरोंटोचा. क्यूबेकच्या लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने सलग तीन वर्षं घेतला. १९४८ मध्ये रेंजर्सनी त्याला सरावाला बोलावलं आणि दर वेळी थोडा वाढवत, पण प्रत्येक वेळी खालच्याच संघाचा करार पुढे केला. तो पैसा त्याच्या चालू कमाईपेक्षा कमी होता, घरी संसार होता. त्याने नाही म्हटलं. पुढे क्यूबेक एसेसमध्ये तो बेलिव्होचा सहकारी होता. फ्रेड ससाकमूस हा क्री या मूळनिवासी समाजातला. आईवडिलांपासून तोडून निवासी शाळेत घातलेला मुलगा तिथे हॉकी शिकला आणि १९५३-५४ मध्ये शिकागोकडून ११ सामने खेळला. घरापासून तुटलेपण सोसेना, तेव्हा त्याने आपल्या माणसांत राहणं निवडलं.

बांधलेल्या खेळाडूचे हाल बघायचे तर स्प्रिंगफील्डला जायला हवं. या संघाचा मालक एडी शोअर, स्वतः चार वेळा एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. मालक म्हणून मात्र विक्षिप्त आणि कठोर. पाय चपळ व्हावेत म्हणून खेळाडूंना टॅप डान्स करायला लावायचा, गोलरक्षक खाली लोळू नये म्हणून त्याला दोरीने आडव्या खांबाला बांधायचा. संघात न घेतलेल्या खेळाडूंनी बर्फाच्या मैदानावर पॉपकॉर्न विकायचं, खुर्च्या रंगवायच्या, दिवे बदलायचे. संघ चांगला होता, १९६० ते ६२ सलग तीन वेळा त्यांनी कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला. पण सुटका नव्हती, कारण सोडायचं की नाही हे शोअरच्या हातात.

१९६६ च्या डिसेंबरात त्याने बिल व्हाइटसह तीन बचावपटूंना, खेळात जीव ओतत नाहीत असं म्हणत बिनपगारी बसवलं. त्यावर संघाने खेळायलाच नकार दिला. ब्रायन किलरीने खेळाडूंच्या वतीने टोरोंटोतल्या अ‍ॅलन इगलसन या वकिलाला गाठलं. शोअरला माघार घ्यावी लागली, आणि या विजयाच्या जोरावर १९६७ मध्ये एनएचएल खेळाडूंची टिकाऊ संघटना उभी राहिली. लिंडसेला दहा वर्षांपूर्वी जे जमू दिलं नव्हतं, ते खालच्या लीगमधल्या अनोळखी लोकांच्या हट्टामुळे झालं. इगलसनने पुढे याच खेळाडूंना फसवलं आणि १९९८ मध्ये त्यासाठी तो तुरुंगात गेला, हेही त्यांच्या वाट्याला यायचं होतं.

त्याच १९६७ मध्ये एनएचएलने सहाचे बारा संघ केले. जागा रातोरात दुप्पट झाल्या आणि इतकी वर्षं झाकलेलं बाहेर आलं. स्प्रिंगफील्डचे खेळाडू नव्या लॉस एंजेलिस किंग्जने घेतले. बिल व्हाइटने एनएचएलमधला पहिला सामना २८ व्या वर्षी खेळला, आणि पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, सोव्हिएत संघाविरुद्धच्या गाजलेल्या मालिकेत तो कॅनडाच्या बचावफळीत होता. किलरीला त्याआधी १९५७-५८ मध्ये डेट्रॉईटकडून एक सामना मिळाला होता. दहा वर्षांनी परत आला आणि किंग्जच्या इतिहासातला पहिला गोल त्याच्या काठीतून गेला. लेस बिंकली क्लीव्हलंडमध्ये ट्रेनर आणि सरावापुरता गोलरक्षक म्हणून राहिला होता. नजर कमजोर, लेन्स लावून खेळायचा. पिट्सबर्गने त्याला ३३ व्या वर्षी पहिली संधी दिली आणि पहिल्याच मोसमात त्याने सहा सामने प्रतिस्पर्ध्याला एकही गोल न देता काढले. यांतला कुणीही १९६७ च्या उन्हाळ्यात अचानक चांगला खेळाडू झाला नव्हता.

मार्शल आणि फील्डर तोवर पस्तिशी ओलांडलेले होते. त्यांच्यासाठी हा विस्तार उशिरा आला. मार्शल १९७२ पर्यंत एएचएलमध्येच खेळत राहिला. ती लीग आजही चालू आहे, आणि मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला तिथे विली मार्शलच्या नावाचा पुरस्कार देतात. फील्डरची वेस्टर्न हॉकी लीग मात्र १९७४ मध्ये बंद पडली. तिचे विक्रम सांभाळणारं कार्यालयच उरलं नाही. काही वर्षांनी कॅनडातल्या किशोरवयीन मुलांच्या एका लीगने तेच नाव घेतलं. आज कुणी वेस्टर्न हॉकी लीगचे विक्रम शोधायला बसलं तर आधी त्या मुलांच्या याद्या समोर येतात, आणि फील्डरचे आकडे त्यांच्याही बरंच खाली, जुन्या कात्रणांत जाऊन शोधावे लागतात.